वसई प्रांतांतील सूतिकागृहाचा आचार आणि अर्भकाचें पहिलें अन्न

इ. स. १९५६ सालीं वसई तालुक्यांत भुईगांव येथें अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा एक भग्न तुकडा सांपडला. सोपाऱ्याचा आठव्या शासनाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालींच उजेडांत आणला होता. लिपिज्ञांच्या दृष्टीनें या दोन्ही तुकड्यांचें महत्त्व उघड आहे. परंतु आम्हांस नवव्या शासनाच्या विषयाचें कौतुक अधिक वाटतें. त्याचा समग्र पाठ गिरनार, कालसी इत्यादि ठिकाणीं मिळतो. त्यांत राजाचें म्हणणें असें कीं, आजार, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगीं लोक नाना प्रकारचीं मंगलकर्में करितात. त्यांतहि स्त्रिया जीं करितात तीं पुष्कळशीं क्षुद्र व निरर्थक असतात. तीं करूं नयेत असें नव्हे, पण त्यांचें फळ अल्प. म्हणजे बाळंतिणीच्या खोलींत काय चालतें यावर एका सम्राटानें दिलेला अभिप्राय सुमारें सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं याच किनाऱ्यावर शिळेवर कोरला गेला होता.

राजानें आचारांचे दोन वर्ग केले, एक अल्पफल व दुसरा महाफल. तिसरा एक वर्ग त्यानें केला नाहीं, तो अपायकारक आचारांचा. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या तिसऱ्या वर्गांतील एका आचाराचा विचार करणार आहों. जन्मलेल्या मुलास पहिले तीन दिवस आईच्या अंगावर न पाजतां मध, गुळाचें पाणी अथवा वरचें दूध देणें, हा तो आचार होय.

या विचारास निमित्त असें घडलें. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील एका चाळींत आमच्या परिचयाच्या एक आशा सेविका बाळंतिणीस पाहावयास निघाल्या होत्या; त्यांच्या अनुमतीनें आम्हीहि गेलों. मूल तिसऱ्या दिवसाचें होतें. सेविका घरांतील म्हाताऱ्या बाईंस म्हणाल्या, "आजी, पहिलें दूध टाकूं नका हो. तेंच बाळाचें पहिलें औषध." आजी म्हणाल्या, "बाई, तूं कालची पोर. आमच्यांत चौथ्या दिवसापर्यंत अंगावर घेत नाहींत. शास्त्रच आहे तें. विचार या मास्तरांना." सेविकेनें आमच्याकडे पाहिलें. शिक्षणवर्गांत तिला दुधाविषयीं सर्व शिकविलें होतें. शास्त्राविषयीं कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें. आम्हांस जें तेथें थोडक्यांत सांगावें लागलें, तें येथें सविस्तर मांडतों.

प्रथम आजींच्या बाजूनें जें आहे तें सांगितलें पाहिजे. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत असें प्रतिपादन आहे कीं, प्रसूतीनंतर हृदयस्थ धमन्यांचीं मुखें उघडावयास अवधि लागतो आणि स्त्रियांस तिसऱ्या अथवा चौथ्या रात्रीं दूध येतें. म्हणून तोंवर मुलास मध, तूप व औषधि यांचें मोजकें चाटण द्यावें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाच्या आरंभीं हीच परंपरा पुढें चालविली असून पहिल्या दिवसांत स्तनपान वर्ज्य असल्याचा त्याचा स्पष्ट निर्देश आहे. तेव्हां शास्त्रांत आहे असें जें आजी म्हणाल्या, तें सर्वथा निराधार नाहीं.

परंतु शास्त्र म्हणजे केवळ सुश्रुत व वाग्भट नव्हेत. चरकाच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय पाहावा. तेथें जातकर्मांत मंत्रित मध व तूप चाटविण्यास सांगितलें आहे आणि त्यापुढें लागलीच स्तन द्यावा, प्रथम उजवा द्यावा, असा क्रम आहे. मध्यें तीन रात्रींचा खंड नाहीं. वैद्यक सोडून श्रुतीकडे वळलें, तर बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणांत जातकर्माचा विधि आहे. पिता सोन्यानें दही, मध व तूप चाटवितो, मुलाचें नांव ठेवितो आणि नंतर त्यास आईजवळ देऊन स्तन देववितो. त्या वेळीं म्हणावयाचा मंत्र सरस्वतीच्या स्तनाविषयींचा आहे. पारस्कराच्या गृह्यसूत्रांतहि नाळ कापण्यापूर्वीं आरंभिलेल्या कर्माच्या ओघांतच मातेचे दोन्ही स्तन मंत्रपूर्वक देण्याचा विधि येतो. मनूहि जातकर्म नाळ कापण्याच्या आधींचें मानतो. नाळ न कापतां कोणी प्रहरभर बसत नाहीं. तेव्हां या ग्रंथांच्या मतें मूल जन्मल्यावर फार तर घटकाभरानें आईच्या अंगाशीं लागतें. आजच्या वैद्यांचा "पहिल्या तासाच्या आंत" हा जो आग्रह आहे, त्याशीं हा क्रम जुळतो. आजींस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, आपल्याकडे या बाबतींत दोन मतें आहेत, आणि त्यांतील जुनें मत बाळास लगेच अंगावर घेण्याचें आहे.

सुश्रुताची चूक कोठें झाली, हेंहि पाहण्यासारखें आहे. कारण त्याचें अवलोकन बरोबर होतें. दूध भरून येतें तें तिसऱ्या-चौथ्या दिवशींच. वार पडल्यावर आईच्या शरीरांतील कांहीं द्रव्यांचें प्रमाण एकदम उतरतें आणि त्यामुळें दोन ते चार दिवसांत दुधाचा लोंढा येतो, असें आजचें शारीरशास्त्र सांगतें. परंतु लोंढा येण्यापूर्वीं स्तनांत कांहींच नसतें, असें नव्हे. त्यांत पिवळसर, दाट, अगदीं थोडा असा चीक असतो. गाय व्याली म्हणजे तिचा चीक आम्ही खरवसासाठीं आवडीनें मागून आणतों, आणि बाईचा चीक मात्र नासका म्हणून पिळून टाकतों, ही विसंगति कोणाच्या ध्यानांत कशी आली नाहीं याचें नवल वाटतें. पहिल्या दिवशीं अर्भकाचें पोट एका घोटास पांच-सात मिलीलिटरच काय तें घेतें; चीकहि तेवढाच असतो. त्यांत रोगप्रतिकारक द्रव्यें विपुल असतात व तीं मुलाच्या आंतड्यास जणूं आंतून लेप देतात. शिवाय मूल चोखूं लागलें म्हणजेच दूध लवकर व भरपूर उतरतें. तीन दिवस न पाजल्यानें दूध उशिरां येतें. उशिरां आलें म्हणजे "हिला दूधच नाहीं" असा बोभाटा होतो. आणि मग वरच्या दुधाची बाटली घरांत येते. पहिल्या तीन दिवसांतील मध पुढच्या सहा महिन्यांचें दूध तोडतो, तो असा. मधाचें बोट स्वतःहि निर्धोक नाहीं. त्यांत क्वचित् असणाऱ्या एका जंतूच्या बीजांपासून अर्भकास पक्षाघातासारखा विकार होऊं शकतो, म्हणून वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच देऊं नये, असा आजचा नियम आहे.

येथें भाषेकडे थोडें वळावेंसें वाटतें. धे म्हणजे पिणें, चोखणें या धातूपासून धेनु व धात्री हे दोन शब्द निघाले. गाय व दाई यांस भाषेनें एकाच घरांत ठेविलें आहे. सुईण या शब्दाचें नातें सू म्हणजे प्रसवणें या धातूशीं. आया हा शब्द मात्र पोर्तुगीज होय. १५३४ पासून १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ला घेईपर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. मूल सांभाळणारीचें हें नांव व तिला द्यावयाचा पगार, हे दोन्ही शब्द त्याच भाषेचे आहेत. आईवेगळ्या मुलास पाजण्याचीं आपलीं जुनीं साधनें म्हणजे कापसाचा बोळा, शिंपी आणि बोंडलें. बोळ्यानें दूध पिणें हा वाक्प्रचार आज केवळ भोळेपणाचा उपहास म्हणून उरला आहे. पण ज्या घरांत तो प्रत्यक्ष चालत असे, तेथें त्यामागें बहुधा एक मेलेली आई असे. बोंडल्याविषयीं आमचें मत अनुकूल आहे. चोच असलेलें तें उघडें भांडें आंतून धुतां येतें, चुलीवरच्या पाण्यांत उकळतां येतें. बाटलीची रबरी बोंडी तशी धुतली जात नाहीं व रोग तेथेंच दडतो. आजचे डॉक्टरहि आईचें काढलेलें दूध अशक्त मुलास बाटलीनें न देतां वाटी-चमच्यानें अथवा अशा भांड्यानें द्यावें, असेंच सांगतात.

धात्रीची परीक्षा आपल्या वैद्यकांत विस्तारानें आहे. ती येथें सांगत नाहीं. काश्यपसंहितेंतील एक स्थळ मात्र सोडवत नाहीं. बालरोगांवरील हा ग्रंथ नेपाळांत मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून १९३८ सालीं निर्णयसागर मुद्रणालयानें छापला. त्यांत फक्क नांवाचा रोग वर्णिला आहे. मूल वर्षाचें होऊनहि पायांवर चालत नाहीं, पोट वाढतें, हातपाय वाळतात. त्याचे तीन प्रकार दिले असून त्यांतील एक गर्भज, म्हणजे आईस पुन्हां दिवस जाऊन अंगावरच्या मुलाचें दूध तुटल्यानें झालेला. आतां योगायोग पाहावा. आफ्रिकेंत गोल्ड कोस्ट येथें काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं १९३३ सालीं मुलांच्या एका रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि १९३५ मध्यें त्यास तेथील लोकभाषेंतील नांव दिलें, क्वाशिओरकोर. त्या नांवाचा अर्थच असा कीं, पाठचें भावंड आल्यानें स्थानावरून दूर झालेल्या मुलाचा रोग. दोन खंडांतील माणसांनीं, एकमेकांची वार्ताहि नसतां, एकच कारण ओळखलें. पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागांत हा रोग पोथींतला नव्हे. १९९२-९३ सालीं जव्हारकडील वावर-वांगणी येथें जे बालमृत्यु झाले, त्यांची वार्ता सर्व महाराष्ट्रानें वाचली होती.

सहाव्या महिन्यांतील उष्टावणाविषयीं सुश्रुत व वाग्भट या दोघांचें आजच्या वैद्यांशीं मतैक्य आहे. सहा महिने केवळ आईचें दूध, पाणीहि नाहीं. त्यानंतर मऊ, हलकें अन्न, आणि दोन वर्षांपर्यंत वा त्यापुढेंहि अंगावरचें दूध चालू ठेवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळघुटी मात्र या नियमांत बसत नाहीं. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ यांचे वेढे मोजून उगाळण्यांत आजीबाईंचें जें कसब असतें, त्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु सहाण कोणत्या पाण्यानें धुतली हें सहाणच जाणे. सहा महिन्यांच्या आंत ती न दिलेली बरी.

आतां घरीं जाऊन बाळंतिणीस पाहण्याच्या प्रथेकडे येऊं. पूर्वीं हें काम सुईणीचें. ती दहा-बारा दिवस न्हाऊं-माखूं घाली, शेक देई, पांचवी व सटवीचें पूजन होईपर्यंत घरचीच होऊन राही. तिच्या हातून नाळ कापतांना अपाय होत असे हें खरें. पण ती रोज येई, हेंहि खरें. सरकारी प्रयत्नांचा आरंभ १८८५ च्या डफरिन फंडानें झाला. १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं व्हिक्टोरिया स्मारक निधि काढून देशी सुइणींस शिक्षण देण्याची सोय केली. त्याच्या आधीं एका मराठी बाईनें या विषयावर लेखणी उचलली होती, हें विसरतां कामा नये. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें. त्या दुःखांतून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच होता.

मुंबईची स्थिति त्या काळीं भयंकर होती. १९२१ सालीं तेथें नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक बालमृत्यूंची नोंद आहे. या आंकड्यावर इतिहासाच्या अभ्यासकानें थोडें थांबलें पाहिजे. गिरणीकामगारांच्या बायका बाळंतपणास गांवीं जात व मूल घेऊन परत येत. जन्माची नोंद गांवीं, मृत्यूची मुंबईस. त्यामुळें प्रमाण वास्तवाहून फुगलेलें असावें. तें सोडूनहि जें उरतें तें कमी नाहीं. कामावर जाणारी आई मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवून जाई, हें त्या काळच्या चौकशींत उघडकीस आलें होतें. गिरणींतील स्त्रीस बाळंतपणाची सवेतन रजा देणाऱ्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत पाठिंबा दिला व १९२९ मध्यें तो कायदा झाला. पुढें १९६१ सालीं सर्व देशास लागू असा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांकरितां रजा २६ आठवड्यांची झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. उष्टावणाचा काळ आणि रजेचा काळ अखेर एका ठिकाणीं आले. मात्र विरारहून लोकलनें मुंबईस जाऊन घरकाम करणाऱ्या बाईस, किंवा घरींच बसून नकली दागिने जोडणाऱ्या बाईस, तो कायदा कागदावरच राहतो.

घरभेटीचा आजचा क्रम महाराष्ट्रांतूनच निघाला, ही गोष्ट अभिमानाची आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था चालविली. तेथें ३९ गांवांत त्यांनीं गांवच्याच स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात मुलांची घरोघर काळजी घेतली व ४७ गांवांशीं तुलना केली. नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेनें ६२ टक्क्यांनीं घटलें, असा निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर २०११ पासून भारत सरकारनें आशा सेविकांकडे हें काम दिलें. दवाखान्यांत प्रसूति झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीं सहा भेटी. घरीं झाल्यास पहिल्या दिवशींची एक अधिक. २०१८ पासून त्यापुढें तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तिमाहीस एक, अशा आणखी पांच भेटी जोडल्या गेल्या.

भेटींत सेविका करते काय? हात धुते, मुलास झोळींत घालून तोलते, ताप पाहते, मिनिटभर श्वास मोजते. साठ वा त्याहून अधिक झाले, छाती आंत ओढली जाऊं लागली, अंग गार पडलें किंवा मूल चोखेनासें झालें, तर दवाखान्यांत न्यावें. नंतर ती मूल पितें कसें तें बसून पाहते. तोंड मोठें उघडलेलें, हनुवटी स्तनास टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. केवळ बोंडी तोंडांत घेतली असेल तर आईस भेगा पडतात व मुलाचें पोट भरत नाहीं. पहिल्या दिवसांत वजन थोडें उतरतें व दहा दिवसांच्या सुमारास भरून येतें, तेव्हां घाबरूं नये. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसांतून सहा वेळां तरी लघवी झाली कीं दूध पुरतें आहे असें समजावें. हें सर्व डोळ्यांनीं पाहूनच कळतें, फलक लावून नव्हे. या सर्व भेटींबद्दल योजनेंत ठरविलेला मोबदला २५० रुपयांचा; म्हणजे एका भेटीस चाळीस-बेचाळीस रुपये पडले. जुन्या सुइणीस लुगडें-चोळी व सुपांत तांदूळ मिळत, त्याशीं याची तुलना ज्याची त्यानें करावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आंकड्यांत एक गोष्ट विशेष डोळ्यांत भरते. देशांत ८८.६ टक्के प्रसूति दवाखान्यांत झाल्या. पण पहिल्या तासांत आईचें दूध ४१.८ टक्के मुलांसच मिळालें. आजी तर दवाखान्याच्या दाराबाहेर असते. मग आंत उशीर कोण करतें? शस्त्रक्रियेनें झालेल्या बाळंतपणांत आई एका खोलींत व मूल दुसऱ्या खोलींत, हें त्याचें एक मोठें कारण आहे. सारा दोष रूढीच्या माथीं मारणाऱ्यांनीं हा आंकडा जवळ ठेवावा. पावडरच्या दुधाची व बाटलीची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे, तरी औषधाच्या दुकानांत डबा समोरच असतो.

वसई-विरारची अडचण वेगळीच आहे. २००९ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत वस्ती बारा लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून निघून पालघर जिल्हा झाला. पश्चिमेस वाड्या, बावखळें व जुनीं घराणीं. पूर्वेस कोंकणांतून, घाटावरून, उत्तरेंतून आलेलीं भाडेकरी कुटुंबें. पहिलटकरीण बाळंतपणास माहेरीं जाते. ती गेली म्हणजे येथील सेविकेच्या वहींतून तिचें नांव सुटतें; माहेरच्या गांवीं ती पाहुणी, म्हणून तेथील वहींत तें चढतेंच असें नाहीं. दोन महिन्यांनीं मूल घेऊन ती परत येते तेव्हां सहाहि भेटींचे दिवस उलटलेले असतात, आणि दरम्यान खोलीहि बदललेली असते. मुंबईच्या १९२१ च्या आंकड्यांत जो दोष आम्हीं वर दाखविला, तोच शंभर वर्षांनीं येथें दुसऱ्या रूपानें उभा आहे; तेव्हां नोंद चुकत होती, आतां भेट चुकते. उपाय अवघड नाहीं. सातव्या महिन्यांतच माहेरचा पत्ता विचारून तेथील सेविकेस निरोप द्यावा आणि परतल्यावर भेटींची गणना मुलाच्या वयावरून नव्यानें धरावी. ज्या जिल्ह्यांत बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं मुलांच्या दारांत शाळा नेली आणि अंगणवाडी हा शब्द देशास दिला, तेथें एवढें व्हावयास हरकत नसावी.

जाता जातां वाचकांस एक विनंति. वसई, आगाशी, अर्नाळा, निर्मळ, पापडी या भागांतील जुन्या घरांत पितळेचीं, चांदीचीं वा कांशाचीं बोंडलीं अद्याप माळ्यावर पडलेलीं असतील. घुटीच्या औषधांच्या याद्या, सुईणीस द्यावयाच्या बाळंतविड्याच्या याद्या जमाखर्चाच्या वह्यांत मिळतील. भुईगांव, गास, नंदाखाल येथील ख्रिस्ती घरांत व किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत पहिल्या तीन दिवसांचा आचार काय होता, हेंहि म्हाताऱ्या बायांकडून अजून कळूं शकेल. ज्यांच्या पाहण्यांत असें कांहीं येईल त्यांनीं वस्तूचें माप, धातु, कोणत्या घराण्यांतील व अखेर कोणत्या मुलासाठीं वापरली, हें लिहून मंडळाकडे पाठवावें. मुलाचें नांव देण्याचें कारण नाहीं, जन्माचें साल पुरे.